राज्यपालांच्या बारा जागा

खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817 रोजी दुपार कलल्यावर सुरू झाली आणि अंधार पडायच्या आत तिचा निकाल लागला. एका बाजूला दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले, दुसऱ्या बाजूला कर्नल बर आणि संगमावरची रेसिडेन्सी सोडून त्याच्या आश्रयाला आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुळेपलीकडच्या दापोडीहून फोर्ड नावाचा इंग्रज अधिकारी आपली पलटण घेऊन ऐन वेळी बरला येऊन मिळाला. ही पलटण पेशव्यांच्याच पैशावर उभी राहिलेली होती. तिच्यावर चालून गेलेले मोर दीक्षित तिथेच पडले. दीक्षित आणि फोर्ड एकमेकांचे चांगले स्नेही होते. बाराव्या दिवशी, 17 नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

ही लढाई पुणेकरांना पाठ आहे. त्यानंतर याच परिसरात जे घडत गेले ते फारसे सांगितले जात नाही. पुढची शंभरहून अधिक वर्षे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात इथे मुक्कामाला असे, आणि इलाख्याचे कायदे करणाऱ्या कौन्सिलात कोणाला बसवायचे हे तोच ठरवीत असे. आजही पुण्याचे राजभवन गणेशखिंडीतच आहे, आणि राज्यपालांच्या सहीनेच बारा जण विधान परिषदेत जातात. राज्य बदलले, राज्यघटना आली, पक्ष आले नि गेले, तरी मतदाराला न विचारता सभागृहात नेणारा हा दरवाजा दीडशेहून अधिक वर्षे उघडा आहे. तो कोणी, कधी आणि कोणासाठी उघडला, त्याचा हा वृत्तान्त.

दापोडीहून गणेशखिंडीत

फोर्डचा दापोडीचा बंगला पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कमने घेतला आणि तो गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान झाला. 1862 मध्ये गव्हर्नर होऊन आलेल्या सर बार्टल फ्रिअरला तो अपुरा वाटू लागला. त्याने खडकीलगत गणेशखिंडीत नवा प्रासाद बांधायला घेतला. 1864 साली काम सुरू झाले तेव्हा कापसाची तेजी होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस हवा होता आणि मुंबईत पैसा धो धो येत होता. 1865 मध्ये तेजी कोसळली, पेढ्या बुडाल्या, पण गणेशखिंडीतले काम काही थांबले नाही. 1871 मध्ये ते पुरे होईतो खर्च पावणेदोन लाख पौंडांवर गेला आणि फ्रिअरच्या उधळेपणावर टीकेची झोड उठली. मधल्या काळात, 1869 साली, खडकीत दारूगोळ्याचा कारखाना निघाला होता. एकीकडे छावणी आणि कारखाना, दुसरीकडे लाटसाहेबांचा बंगला. पावसाळ्याचे चार महिने इलाख्याची सारी सत्ता या दोन-तीन मैलांत एकवटलेली असे. कौन्सिलच्या पावसाळी बैठकाही पुण्यातच, लष्कर भागातल्या कौन्सिल हॉलमध्ये भरत.

या फ्रिअरचा आपल्या विषयाशी आणखी एक संबंध आहे. 1857 च्या उठावाने इंग्रज अधिकाऱ्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. कायदे कलकत्त्यात बसून होत होते आणि ते लोकांना रुचतात की जाचतात हे कळायला सरकारजवळ काही साधन नव्हते. कळले ते थेट बंडातून. व्हाइसरॉयच्या मंडळात असताना फ्रिअरने 1860 साली नेमका हाच मुद्दा मांडला आणि कौन्सिलात एतद्देशीयांना घ्यावे असा आग्रह धरला. 1861 च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टमागे हीच धास्ती होती. या कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरला कायदे करण्यापुरते चार ते आठ जादा सभासद नेमण्याची मुभा मिळाली. त्यांतले निम्मे तरी सरकारी नोकरीबाहेरचे असावेत, मुदत दोन वर्षांची, आणि निवड सर्वस्वी गव्हर्नरची.

पहिली बैठक 22 जानेवारी 1862 रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली. पहिल्या खेपेला नेमलेल्या हिंदी सभासदांत मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट, सर जमशेटजींचे चिरंजीव रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई, सावनूरचे नवाब आणि माधवराव विठ्ठल विंचूरकर होते. ही यादी सहज केलेली नव्हती. एक सावकार-शेटजी, एक पारशी व्यापारी, एक मुसलमान संस्थानिक आणि एक पेशवाईतल्या सरदार घराण्याचा वारस. ज्यांच्या हाती पैसा आणि मान होता त्यांना जवळ बसवायचे, म्हणजे बाकीची रयत आपोआप मागे येईल, असा हिशेब होता. पेशवाई बुडून पंचेचाळीस वर्षे झाली नव्हती तोच पेशव्यांच्या सरदाराचा वारस इंग्रज गव्हर्नरच्या शेजारी कायदे करायला बसला होता.

बसला होता म्हणजे किती? सभासदाने समोर ठेवलेल्या विधेयकावर बोलावे, एवढेच. सरकारला प्रश्न विचारता येत नसे, जमाखर्चावर चर्चा करता येत नसे, कारभारावर बोट ठेवता येत नसे. नेमलेला सभासद हा सल्लागार, तोही विचारले तरच.

काँग्रेसचा पहिला हट्ट

पण एकदा शहाणी माणसे आत आली की ती गप्प बसत नाहीत. विश्वनाथ नारायण मंडलिक, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी, दादाभाई नवरोजी, महादेव गोविंद रानडे, फिरोजशहा मेहता ही सारी नावे एका काळी गव्हर्नरने नेमलेल्यांच्या यादीतली आहेत. रानड्यांची नेमणूक 1885 सालची. ते सरकारी नोकरीतले न्यायाधीश होते, तरी त्यांची बुद्धी सरकारला गहाण पडली आहे असे त्यांच्या शत्रूंनाही म्हणता आले नसते. नेमणुकीच्या पद्धतीची बाजू घ्यायची तर हा तिचा सर्वांत चांगला काळ. पण चांगली माणसे आली ती गव्हर्नरला वाटले म्हणून. पुढच्या गव्हर्नरला तसे वाटेलच याची हमी नव्हती.

म्हणून मागणी आली ती निवडणुकीची. 1870 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेची सारी चळवळच रयतेचे म्हणणे रयतेच्या प्रतिनिधींनी सरकारपुढे मांडावे या तत्त्वावर उभी होती. 1885 च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात व्हायचे ठरले होते. पटकीची साथ आल्यामुळे ते ऐन वेळी मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवावे लागले. तिथे जे मोजके ठराव झाले, त्यांत कौन्सिलांचा विस्तार करून त्यांत पुरेसे लोकनियुक्त सभासद घ्यावेत हा एक होता. काँग्रेसचा जन्मच मुळी नेमणुकीला विरोध करत झाला, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवायला हवे.

सरकार 1892 साली अर्धे पाऊल पुढे आले. नव्या कायद्यात निवडणूक हा शब्द टाळला होता. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठ, सरदार मंडळी अशा गटांनी नाव सुचवावे आणि गव्हर्नरने ते नेमावे, अशी आडवळणाची सोय झाली. प्रश्न विचारण्याचा आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्कही मिळाला. याच वाटेने 1895 मध्ये मध्य विभागाच्या लोकल बोर्डांतून बाळ गंगाधर टिळक मुंबई कौन्सिलात गेले.

दोनच वर्षांनी गणेशखिंड पुन्हा इतिहासात आली. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गव्हर्नरच्या बंगल्यात झाला. तिथून परतताना प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड 3 जुलैला गेला. 27 जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा ते कौन्सिलचे सभासद होते. गव्हर्नरच्या सहीने ज्याचे नाव कौन्सिलात गेले, त्यालाच त्याच गव्हर्नरच्या सरकारने तुरुंगात घातले. शिफारस लोकांची आणि सही साहेबाची, अशा दुहेरी कारभारातली भेग इतकी स्पष्ट पुन्हा क्वचितच दिसली.

1901 मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवर ही भेग सभागृहातच दिसली. शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्क आकुंचित करणारे ते विधेयक थांबवा, निदान लांबणीवर टाका, असे गोपाळ कृष्ण गोखले आणि फिरोजशहा मेहता सांगत राहिले. सरकारी आणि सरकारच्या मर्जीतल्या मतांपुढे त्यांचे काही चालले नाही. मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. विधेयक संमत झाले. नेमलेली मते कशासाठी राखून ठेवायची असतात, हे त्या दिवशी कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

नेमलेला सभासद, पण कोणाचा?

आता या कथेतले सर्वांत महत्त्वाचे पान. 1919 च्या सुधारणांनंतर मुंबई कौन्सिलात 111 जण बसू लागले, त्यांपैकी 86 निवडून आलेले. उरलेल्या नेमलेल्या जागांत सरकारी अधिकारी होते, आणि मतपेटीतून ज्यांना कोणी येऊ दिले नसते अशांसाठीही काही जागा होत्या. मताचा हक्क मालमत्तेवर आणि कराच्या भरण्यावर होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला मतच नव्हते, तर त्याचा माणूस निवडून येणार कोठून? अस्पृश्य समाजातून ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांना आधी नेमले गेले, आणि नंतर डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांच्यासह डॉ. भीमराव आंबेडकर आले. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या कारकिर्दीत, 1927 च्या फेब्रुवारीत, आंबेडकरांनी शपथ घेतली.

पुढच्या महिन्यात, 20 मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 मध्ये याच मुंबई कौन्सिलात मंजूर झाला होता. कागदावर असलेला तो ठराव अमलात आणायला कौन्सिलचा एक नेमलेला सभासद स्वतः तळ्याच्या पायऱ्या उतरला. 1928 मध्ये त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा, या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. तो कायदा 1929 साली झाला. सरकारने नेमले म्हणून सरकारचे ऐकायचे, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

आणि तरीही सायमन कमिशनसमोर आंबेडकरांनी मागितले काय? आमच्या समाजाला नेमणुकीने मिळालेले प्रतिनिधित्व नको, निवडणुकीने मिळालेले हवे. नेमलेला माणूस शेवटी नेमणाऱ्याच्या मर्जीवर असतो आणि ज्यांच्यासाठी तो बोलतो त्यांना त्याच्याकडे हिशेब मागता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. या जागेचे सोने करून दाखवणारा माणूसच ती जागा मोडून काढा म्हणत होता. नेमणुकीच्या बाजूने किंवा विरोधात आजवर झालेल्या युक्तिवादांत याहून वजनदार साक्ष दुसरी नाही.

दुसरे सभागृह पुण्यात जन्मले

तोवरचे कौन्सिल हे एकच सभागृह होते. 1935 च्या कायद्याने मुंबईला दोन सभागृहे दिली: खाली असेंब्ली, वर कौन्सिल. वरच्या कौन्सिलात जास्तीत जास्त 30 जागा, त्यांत गव्हर्नरने नेमायच्या तीन किंवा चार. असेंब्लीची पहिली बैठक 19 जुलै 1937 रोजी आणि दुसऱ्या दिवशी कौन्सिलची पहिली बैठक, दोन्ही पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये झाल्या. मंगलदास पक्वासा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. महाराष्ट्राच्या विधान परिषदेचा जन्म असा भर पावसाळ्यात पुण्याच्या लष्करात झालेला आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला, हे वरचे सभागृह ठेवायचे का? घटना समितीने तो निर्णय त्या त्या प्रांताच्या सभासदांवर सोपवला. मुंबईच्या सभासदांनी ठेवू म्हटले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सभासदांनी नको म्हटले. पुढे 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नाकारलेले सभागृह वैदर्भीयांच्या वाट्याला आपसूक आले.

राज्यघटनेच्या 171 व्या कलमाने विधान परिषदेची रचना ठरवली. महाराष्ट्रात आज 78 जागा आहेत. त्यांत 30 विधानसभेच्या आमदारांनी निवडलेल्या, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, 7 पदवीधरांच्या, 7 शिक्षकांच्या आणि 12 राज्यपालांनी नेमायच्या. या बारांसाठी पात्रताही घटनेतच आहे: साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतले विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव. राज्यसभेसाठी राष्ट्रपती जे बारा जण नेमतात त्यांच्या यादीत सहकार नाही, राज्यांच्या परिषदांसाठी तो आहे. साखर कारखाने, दूध संघ आणि जिल्हा बँकांच्या महाराष्ट्रात या एका शब्दातून किती मोठे दार उघडले, ते सांगायला नको.

कलमात सही राज्यपालांची आहे, पण 163 व्या कलमाने राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे लाटसाहेबांची लेखणी आता मुख्यमंत्र्यांच्या हाती आली. ती कशी चालू शकते याची चुणूक देशाला 1952 सालीच मिळाली. मद्रासमध्ये काँग्रेसला बहुमत नव्हते. राज्यपाल श्रीप्रकाश यांनी राजाजींना विधान परिषदेवर नेमले आणि मुख्यमंत्री केले. निवडणूक न लढवता माणूस थेट मुख्यमंत्रिपदी पोचला. 1885 साली लोकनियुक्त सभासदांचा आग्रह धरणाऱ्या पक्षानेच, सत्तेत येताच, नेमणुकीचा असा उपयोग करून घेतला.

महाराष्ट्राच्या सुरुवातीच्या यादीत साहित्याला मान होता हेही खरे. ग. दि. माडगूळकर राज्यपालनियुक्त आमदार होते. 1978 साली पळसखेडचे ना. धों. महानोर आले आणि शेती, पाणी, कोरडवाहू रान यांवर शेतकऱ्याच्या अनुभवाने बोलू लागले. पण जसजशी आघाड्यांची सरकारे रूढ झाली तसतशी ही यादी वाटपाचा विषय झाली. अमुक पक्षाला अमुक जागा, मग त्या त्या पक्षाने आपापली नावे द्यायची. निवडणुकीत पडलेले, तिकीट हुकलेले, दुसऱ्या पक्षातून आलेले, ज्यांचे कुठे तरी 'पुनर्वसन' करायचे आहे असे, यांच्यासाठी पाच शब्दांतला 'समाजसेवा' हा शब्द पुरेसा लवचिक ठरला. राजकारणात असलेला कोण माणूस समाजसेवा करत नाही?

कायद्याचीही याला आडकाठी नाही. 1985 च्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात नेमलेल्या सभासदाचा वेगळा विचार आहे. नेमणुकीच्या वेळी तो एखाद्या पक्षात असेल तर त्याच पक्षाचा मानला जातो. नसेल, तर शपथेनंतर सहा महिन्यांत त्याला पक्ष निवडता येतो. नेमलेला सभासद पक्षाचा असू शकतो, हे घटनेनेच मान्य केले आहे. तेव्हा केवळ पक्षाचा माणूस आला म्हणून ओरड करण्यात अर्थ नाही. पक्षाचा माणूस त्या पाच क्षेत्रांतल्या कोणत्या कामावर आला, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची सोय कुठेच नाही.

बंद लिफाफा

ही सगळी यंत्रणा 2020 मध्ये उघडी पडली. उद्धव ठाकरे 28 नोव्हेंबर 2019 रोजी मुख्यमंत्री झाले तेव्हा कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्य होणे भाग होते आणि मध्येच कोरोनामुळे निवडणुका थांबल्या. राज्यपालनियुक्त दोन जागा रिकाम्या होत्या, कारण राष्ट्रवादीचे राहुल नार्वेकर आणि रामराव वडकुते भाजपमध्ये गेले होते. 9 एप्रिल 2020 रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळाने ठाकरे यांच्या नावाची शिफारस केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी होही म्हटले नाही आणि नाहीही. महिनाअखेरीस शिफारस पुन्हा गेली. शेवटी राज्यपालांनी निवडणूक आयोगाला विनंती केली, आमदारांतून निवडायच्या नऊ जागांची निवडणूक लागली आणि ठाकरे बिनविरोध निवडून आले. पेच सुटला, पण राज्यपालांच्या मौनात किती ताकद असते ते साऱ्यांना कळले.

जूनमध्ये बाराही जागा रिकाम्या झाल्या. 6 नोव्हेंबर 2020 रोजी अनिल परब, नवाब मलिक आणि अमित देशमुख हे तीन पक्षांचे तीन मंत्री बारा नावांची यादी बंद लिफाफ्यात घेऊन मलबार हिलवरच्या राजभवनात गेले. वाटणी सरळ होती, प्रत्येकाला चार. शिवसेनेकडून ऊर्मिला मातोंडकर, नितीन बानुगडे पाटील, चंद्रकांत रघुवंशी, विजय करंजकर. राष्ट्रवादीकडून एकनाथ खडसे, राजू शेट्टी, यशपाल भिंगे, आनंद शिंदे. काँग्रेसकडून रजनी पाटील, सचिन सावंत, मुझफ्फर हुसेन, अनिरुद्ध वनकर. यादीत अभिनेत्री होती, शिवचरित्राचे व्याख्याते होते, लोकगायक होते, शेतकरी नेते होते. नुकतेच पक्ष बदललेले माजी मंत्री आणि पक्षाचे प्रवक्तेही होते.

लिफाफा राजभवनात गेला तो तिथेच राहिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले. 13 ऑगस्ट 2021 रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. राज्यपालांनी शिफारस मान्य करावी किंवा आपली हरकत कळवावी, पण ती अनिश्चित काळ दाबून ठेवता येत नाही, आणि आठ महिने हा पुरेसा वेळ झाला, असे त्याचे सार. मात्र 361 व्या कलमाने राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्याने आदेश काही देता आला नाही. राज्यपालांनी निर्णय घेतला नाही तो नाहीच. 30 जून 2022 रोजी सरकार बदलले, आणि सप्टेंबरात नव्या सरकारने जुनी यादी परत मागवली. ती मात्र लगोलग परत आली.

याचीही सर्वोच्च न्यायालयात आणि उच्च न्यायालयात कज्जेदलाली झाली. तीत आणखी दोन वर्षे गेली. अखेर 15 ऑक्टोबर 2024 रोजी विधान भवनात उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सात जणांना शपथ दिली: भाजपचे चित्रा वाघ, विक्रांत पाटील आणि पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज राठोड, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे मनीषा कायंदे आणि हेमंत पाटील, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे पंकज भुजबळ आणि इद्रिस नाईकवडी. त्याच दिवशी दुपारी निवडणूक आयोगाने विधानसभा निवडणूक जाहीर केली आणि आचारसंहिता लागली. वाटणी या खेपेस तीन, दोन, दोन. पाच जागा तशाच राहिल्या. चार वर्षांहून अधिक काळ 78 च्या सभागृहात बारा खुर्च्या रिकाम्या होत्या. तेवढ्या काळात साहित्य, विज्ञान, कला आणि सहकार यांचे काय अडले, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. चर्चा फक्त कोणाचे किती, याचीच झाली.

राज्यपालाला शंका असेल तर काय करता येते, याचाही एक दाखला आहे, आणि तो मुंबईकर माणसाचाच. राम नाईक उत्तर प्रदेशचे राज्यपाल असताना 2015 मध्ये अखिलेश यादव सरकारने विधान परिषदेसाठी नऊ नावे पाठवली. नाईकांनी चार मान्य केली आणि उरलेल्यांबद्दल सरकारकडे माहिती मागितली. भाजपच्या मुशीतल्या राज्यपालाने समाजवादी सरकारला अडवले, असे म्हणता येईल. पण हरकत लेखी होती, सांगितलेली होती, आणि तिला उत्तर देता येत होते.

बाहेरच्या जगातही हेच दुखणे आहे. ब्रिटनमध्ये 1958 पासून तहहयात लॉर्ड नेमले जातात, आणि बहुतेक पंतप्रधान जाताना आपल्या माणसांची यादी सोडून जातात. 2000 साली तिथे नेमणूक आयोग आला. तो नावांची छाननी करतो, पण पंतप्रधानाने किती जण नेमावेत याला लगाम घालू शकत नाही. कॅनडाचे सिनेट तर संपूर्ण नेमलेले. तिथे 2016 पासून स्वतंत्र सल्लागार मंडळ नागरिकांकडून अर्ज मागवते आणि पंतप्रधानाला नावे सुचवते. रामबाण उपाय कोणालाच सापडलेला नाही, पण निदान दार कुठे आहे हे तिथल्या नागरिकाला दिसते.

खडकीकराचे काय?

राजभवनाच्या शेजारी राहणाऱ्या खडकीकराचा या सभागृहाशी काय संबंध उरतो, तेही पाहण्यासारखे आहे. खडकी ही छावणी, तिचा कारभार कटक मंडळाकडे. विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात महापालिका आणि जिल्हा परिषदेप्रमाणे कटक मंडळाच्या निवडून आलेल्या सदस्यांनाही मत असते. पण मंडळाच्या लोकनियुक्त सदस्यांची मुदत 2021 च्या फेब्रुवारीत संपली आणि त्यांच्या जागी केंद्र सरकारने नेमलेला एक नागरी सदस्य आला. मार्च 2022 मध्ये पुणे महापालिका आणि जिल्हा परिषदही प्रशासकाकडे गेल्या. त्यामुळे त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याच्या या मतदारसंघाची जागा रिकामी झाली तेव्हा ती भरायला मतदारच नव्हते. पदवीधर किंवा शिक्षक असलेला खडकीकर तेवढा परिषदेचा मतदार राहिला. म्हणजे तेव्हा वर राज्यपालांच्या बारा जागा रिकाम्या, मध्ये पुण्याची जागा रिकामी, आणि खाली कटक मंडळात निवडून आलेल्याच्या जागी नेमलेला. 1862 च्या गव्हर्नरला हा नकाशा अजिबात अनोळखी वाटला नसता.

या जागा रद्द कराव्यात असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाजूला दस्तुरखुद्द आंबेडकरांची साक्ष आहे. पण घटनादुरुस्ती होईतो वाट पाहत बसायचे कारण नाही. मंत्रिमंडळाने यादी पाठवताना प्रत्येक नावापुढे ते पाचपैकी कोणत्या क्षेत्रातले, आणि त्या क्षेत्रात त्या माणसाचे काम काय, हे लिहून राजपत्रात छापावे. राज्यपालांनी तीन महिन्यांत होकार द्यावा किंवा लेखी कारणासह नावे परत करावीत. याला ना घटनादुरुस्ती लागते, ना पैसा. लागते ती फक्त लाज. गव्हर्नरच्या काळात कोणाला का नेमले हे रयतेला सांगण्याची पद्धत नव्हती, कारण रयत मालक नव्हती. आज ती मालक आहे. पुढच्या खेपेला बारा नावे जाहीर होतील तेव्हा ती कोणत्या पक्षाची, हे वर्तमानपत्रे सांगतीलच. वाचकांनी आपल्या आमदाराला एवढेच विचारावे: ही माणसे कोणत्या कामावर आली?